खडूस मॅडम आणि माझे नऊ महिने

परवा जुन्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा फोन आला होता, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मध्येच ती म्हणाली, "अगं, त्या खडूस मॅडम आता कुठे असतात गं?" तिने सहज विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या पोटात एकदम खड्डाच पडला. कारण ते नाव मी ठेवलेलं. जॉईन होऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते आणि जिन्यात उभं राहून दोघीतिघींना मी म्हटलं होतं की ती कोपऱ्यातली बाई कसली खडूस आहे. तो शब्द मग ऑफिसभर फिरला आणि इतकी वर्षं झाली तरी अजून जिवंत आहे. फोन ठेवल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

तर पहिला दिवस. एचआरवाली मुलगी मला टेबलाटेबलाशी नेऊन ओळख करून देत होती, सगळे हसून हाय हॅलो करत होते, मी पण उत्साहात. कोपऱ्यातल्या टेबलाशी पोचलो तर मॅडम स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेल्या. मी छान हसून नमस्कार केला. त्यांनी मान वर केली, ओठ अगदी घट्ट मिटलेले, माझ्याकडे पाहताना उजवा डोळा किंचित बारीक झाला, एकदा मान हलवली आणि परत स्क्रीन. संपलं. तीनचार सेकंदांचा मामला. पण त्या बारीक झालेल्या डोळ्यात मला सगळं दिसलं, म्हणजे मला तसं वाटलं, की ही बाई आपल्याला जोखतेय आणि आपण तिच्या खिजगणतीतही नाही.

एकदा शिक्का मारला की पुढचं सगळं त्या शिक्क्याच्याच बाजूने साक्ष द्यायला लागतं. त्या एकट्या जेवायला बसायच्या, मी म्हटलं आमच्यात बसायला कमीपणा वाटतो. मीटिंगमध्ये फार बोलायच्या नाहीत, मी म्हटलं आतल्या गाठीची आहे. माझ्या पहिल्याच रिपोर्टवर त्यांचा मेल आला, "तीन ठिकाणी आकडे जुळत नाहीत, दुरुस्त करून मलाच पाठव, पुढे मी देते." तो मेल मैत्रिणीला दाखवून मी म्हटलं, बघ, कशी चुका काढत बसते. आज तो मेल आठवला की मला शेवटचे शब्द आधी दिसतात. मलाच पाठव, पुढे मी देते. म्हणजे नवीन मुलीच्या चुका थेट साहेबांच्या हातात पडू नयेत म्हणून. ते शब्द तेव्हाही तिथेच होते आणि मी ते वाचलेही होते.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली एक साधा प्रयोग केला होता. लोकांना एका माणसाचं वर्णन म्हणून सहा शब्द दिले, बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला तेच सहा शब्द, फक्त उलट्या क्रमाने, म्हणजे मत्सरी आधी आणि बुद्धिमान शेवटी. झालं काय तर पहिल्या गटाच्या मनात जो माणूस उभा राहिला तो हुशार, कर्तबगार, थोडेफार दोष असलेला, आणि दुसऱ्या गटाच्या मनातला माणूस स्वभावानेच बिघडलेला. शब्द तेच, एकाचीही अदलाबदल नाही. आधी काय ऐकलं त्यावरून नंतरच्या शब्दांचा अर्थच बदलला. 'टीकाखोर' हा शब्द हुशार माणसाला लावला की तो चिकित्सक वाटतो आणि मत्सरी माणसाला लावला की कुजका वाटतो. मी त्या मेलचं हेच केलं होतं. तोच मेल जर पहिल्या दिवशी खळखळून हसलेल्या कुणाकडून आला असता तर मी घरी जाऊन सांगितलं असतं की ऑफिसमध्ये एक फार चांगली सीनियर भेटलीये, माझ्या चुका पोटात घालते.

आणि हे मत बनायला तीनचार सेकंदसुद्धा लागत नाहीत. जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अनोळखी चेहरे फक्त १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, दाखवले आणि विचारलं की हा विश्वासू वाटतो का, सक्षम वाटतो का, आक्रमक वाटतो का. लोकांनी तेवढ्यात जे मत दिलं ते, हवा तितका वेळ चेहरा बघून दुसऱ्या लोकांनी दिलेल्या मताशी बऱ्यापैकी जुळलं. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वेळ वाढवून दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही, आपलं मत बरोबर आहे ही खात्री मात्र वाढली! म्हणजे आपण म्हणतो ना की मी त्याला नीट निरखून पाहिलंय, ते निरखणं बऱ्याचदा आधीच ठरलेल्या गोष्टीवर मान डोलावणं असतं. टोडोरोव्ह यांच्याच २००५ च्या अभ्यासात अमेरिकेच्या सिनेट निवडणुकीतल्या दोन उमेदवारांचे नुसते फोटो दाखवून जास्त सक्षम कोण दिसतो असं विचारलं होतं, आणि लोकांनी निवडलेला चेहरा सुमारे ७० टक्के लढतींमध्ये खरोखर जिंकलेला निघाला. उमेदवाराचं काम, विचार, काहीही माहीत नसताना. मला हे वाचून भीती वाटली होती.

नऊ महिने गेले असे. नऊ महिन्यांत मी त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त एक वाक्य बोलले नाही. लिफ्टमध्ये त्या असल्या तर मी जिन्याने जायचे. काही विचारायचं असलं तर मेल टाकायचे, तोही कोरडा ठणठणीत, मग त्यांचं उत्तरही तसंच यायचं, आणि मी म्हणायचे बघा, आहे की नाही खडूस.

या शेवटच्या प्रकारावरही संशोधन झालंय आणि ते वाचल्यावर मला माझा वाटा कळला. १९७७ साली मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरुषांना अनोळखी स्त्रियांशी फोनवर बोलायला लावलं, बोलण्याआधी प्रत्येकाला एक फोटो दिला की तुम्ही हिच्याशी बोलणार आहात. फोटो खोटे होते, त्या स्त्रियांचे नव्हतेच. काहींना देखण्या बाईचा फोटो, काहींना साध्या दिसणाऱ्या बाईचा, आणि त्या स्त्रियांना या फोटोंचा पत्ताच नाही. नंतर रेकॉर्डिंगमधला फक्त स्त्रियांचा आवाज तिऱ्हाइतांना ऐकवला. ज्या स्त्रियांबद्दल समोरच्याने देखणी असं मानलं होतं त्या बोलण्यात जास्त मोकळ्या, जास्त गोड वाटल्या. समोरचा आपल्याशी जसा बोलतो तसे आपण होत जातो. मी नऊ महिने मॅडमना कोरडे मेल पाठवत होते आणि त्यांच्या कोरडेपणाचे पुरावे गोळा करत होते, त्यातले निम्मे मीच तयार केलेले.

मग ती रात्र. इयर एंडिंगचे दिवस, एक रिपोर्ट क्लायंटला गेला आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी जुनी फाईल जोडलीये. हातपाय गार पडले. बॉस फ्लाइटमध्ये, फोन लागेना, बाकी सगळे घरी गेलेले. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडत होते, तर दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. मला वाटलं झालं, आता ही बाई उद्या सगळ्यांना सांगणार. त्यांनी नळ बंद केला, टिश्यू काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कुठली फाईल गेली? चल, बसू दोघी." एवढंच. काय झालं कसं झालं, एक शब्द नाही. क्लायंटला त्यांनीच फोन केला, सकाळी सुधारित रिपोर्ट देतो म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघी रात्री दीडपर्यंत आकडे लावत बसलो.

मध्यरात्र उलटून गेली तेव्हा दमून मी काहीतरी वेडंवाकडं बोलले, काय बोलले आठवत नाही, पण मॅडमना हसू आलं. आणि मी ते पहिल्यांदा पाहिलं. डावीकडचा ओठ वर गेला, गाल फुगला, डाव्या डोळ्याच्या कडेला छान सुरकुत्या पडल्या. उजवीकडचा ओठ जिथल्या तिथे राहिला आणि उजवा डोळा मिटत गेला. म्हणजे अर्धा चेहरा मनापासून हसतोय आणि अर्धा चेहरा डोळा बारीक करून कुणाला तरी खिजवतोय असं दिसत होतं. क्षणभरच. लगेच त्यांचा हात तोंडावर गेला, इतक्या सवयीने गेला की मला कळलं हा हात रोज असाच जात असणार.

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी एक दिवस सकाळी उठून चूळ भरायला गेल्या तर पाणी तोंडाच्या एका बाजूने गळायला लागलं. आरशात बघितलं तर तोंड वाकडं, उजवा डोळा मिटेना. बेल्स पाल्सी. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातव्या क्रमांकाची मेंदूची नस सुजते आणि एका बाजूचा चेहरा लुळा पडतो, बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात पण काहींचं थोडं राहून जातं. मॅडमचं राहिलं. नसेचे धागे परत वाढताना कधीकधी चुकीच्या स्नायूला जाऊन जोडले जातात, मग ओठ हलवायला गेलं की डोळा मिटतो, दोन्ही एकत्रच. ओठ घट्ट मिटून धरले की चेहरा त्यातल्या त्यात सरळ दिसतो. जेवताना घास उजव्या बाजूने सांडतो म्हणून त्या एकट्या बसायच्या. मीटिंगमध्ये 'प' आणि 'ब' नीट फुटत नाहीत म्हणून कमी बोलायच्या. "हसले की नवीन माणसाला वाटतं मी त्याची टर उडवतेय," त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा शिष्ट म्हणू देत ना, ते परवडतं."

पहिल्या दिवशी मॅडम मला हसून नमस्कार करत होत्या. तो बारीक झालेला डोळा म्हणजे त्यांनी दाबून धरलेलं हसू होतं.

मी त्या रात्री त्यांना सॉरी म्हटलं नाही. कशाबद्दल म्हणतेस असं विचारलं असतं तर ते नाव सांगावं लागलं असतं, आणि ती हिंमत माझ्यात नव्हती.

आता एवढ्या वर्षांनंतर मला त्यातलं सगळ्यात काय लागतं, तर माझा अंदाज चुकला हे नाही. अंदाज चुकतात, तीन सेकंदांत दुसरं काय होणार. लागतं हे की नऊ महिने मी दहा फुटांवर बसून होते आणि चूक कळायची वेळच मी येऊ दिली नाही. ती रात्र आली नसती तर मी तो जॉब सोडून गेले असते आणि आयुष्यभर एका खडूस बाईचा किस्सा सांगत राहिले असते, अगदी खात्रीने. जर्कर डेन्रेल नावाच्या अभ्यासकाने २००५ मध्ये हेच फार नीट मांडलंय. ज्याच्याबद्दल मत चांगलं झालं त्याला आपण पुन्हा पुन्हा भेटतो, त्यामुळे मत चुकीचं असेल तर कधी ना कधी उघडं पडतं. ज्याच्याबद्दल मत वाईट झालं त्याला आपण टाळतो, मग नवीन काही कळतच नाही आणि ते वाईट मत आहे तसं गोठून राहतं. म्हणजे समजा दोन्ही बाजूंनी आपण सारखेच चुकत असू, तरी चांगल्या चुका दुरुस्त होत जातात आणि वाईट चुका साचत जातात. आपल्या मनातल्या 'नको ती माणसं' या यादीत किती जण केवळ टाळल्यामुळे राहिलेत, याचा विचार केला की मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

चांगल्या मताची चूक उघडी पडते म्हणून ती स्वस्तात सुटते असंही नाही बरं का. मी ते पण भोगलंय. एक जण कामानिमित्त ओळखीचा झाला होता, पहिल्याच भेटीत त्याने मला जिंकलं. तोंडात साखर, समोरच्याचं ऐकताना मान जराशी तिरकी, पहिल्या भेटीत मी आईचा गुडघा दुखतो असं ओझरतं बोलले होते तर दुसऱ्या भेटीत त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, आईचा गुडघा कसा आहे. मी विरघळले. आम्ही एक काम भागीदारीत सुरू केलं आणि वर्षभरात तो माझे पैसे आणि माझी मेहनत दोन्ही घेऊन बाजूला झाला. तारखा पुढे ढकलत होता, हिशेब दाखवत नव्हता, मला तिसऱ्या महिन्यातच दिसत होतं. पण प्रत्येक वेळी मनात यायचं की ज्याला माझ्या आईचा गुडघा लक्षात राहतो तो माणूस असा कसा असेल. मॅडमच्या बाबतीत चांगल्या गोष्टीचा मी वाईट अर्थ लावला आणि इथे वाईट गोष्टीला मी सहा-आठ महिने सबबी शोधून देत राहिले.

मोठमोठी माणसं यात फसलीत. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरला पहिल्यांदा भेटले आणि परत आल्यावर त्यांनी आपल्या बहिणीला पत्रात लिहिलं की या माणसाने शब्द दिला तर त्यावर विसंबता येईल असं माझं मत झालं. मार्च १९३९ मध्ये तोच शब्द मोडून जर्मन सैन्य चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरलं. समोर बसून डोळ्यात डोळे घालून बोललं की माणूस कळतो असं आपण किती ठामपणे म्हणतो. खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा ओळखण्याच्या दोनशेहून जास्त अभ्यासांचा एकत्रित आढावा चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये घेतला, त्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तर ५० टक्के.

आता याची दुसरी बाजूही आहे, ती न सांगणं बरोबर नाही. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये दाखवलं होतं की शिक्षकांच्या शिकवण्याच्या अर्ध्या मिनिटाच्या आवाज बंद केलेल्या क्लिप्स बघून अनोळखी लोकांनी दिलेलं मत, त्याच शिक्षकांना विद्यार्थ्यांनी सत्राच्या शेवटी दिलेल्या मताशी चांगलंच जुळतं. हा प्रयोग दाखवून बरेच जण म्हणतात की बघा, पहिली छाप खरी असते. मला ते तितकं पटत नाही. विद्यार्थ्यांचं मतसुद्धा पहिल्या तासालाच ठरलेलं असू शकतं ना, दोन छापा एकमेकींशी जुळल्या एवढंच मला त्यातून दिसतं. उत्साह, मोकळेपणा, बोलकेपणा असल्या वर दिसणाऱ्या गोष्टी पटकन कळतात हे मी मानते. माणूस शब्दाचा पक्का आहे का, अडचणीत उभा राहील का, हे कळायला अडचणच यावी लागते.

आणि कितीतरी लोकांचा चेहरा किंवा वागणं त्यांच्या हातात नसतं हे तर आपण विसरतोच. पार्किन्सन्सच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडून चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो, आत माणूस आनंदात असला तरी. एका कानाने कमी ऐकू येणारा माणूस हाकेला ओ देत नाही आणि माजोरडा ठरतो. काहींना चेहरे ओळखताच येत नाहीत, मेंदूतच ते घडत नाही, मग रस्त्यात ओळख न दाखवता पुढे गेला म्हणून नाती तुटतात.

मी आता काय वेगळं करते? फार काही नाही. इंटरव्ह्यू पॅनलवर बसावं लागतं तेव्हा सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे मार्क द्यायचे हे मी हट्टाने करते, मोकळ्या गप्पांपेक्षा असे ठरवून घेतलेले इंटरव्ह्यू कामाचा अंदाज जास्त बरोबर देतात हे वारंवार सिद्ध झालंय. पॅनलवरचे लोक कंटाळतात, त्यांना वाटतं आपली नजर पारखी आहे. बाकी आयुष्यात एकच, कुणाबद्दल मनात कडू आलं की त्या माणसाशी आणखी एकदा, कामाशिवाय, मुद्दाम बोलायचं. कधी कधी पहिलं मत बरोबरच निघतं. निघू दे.

मॅडमबरोबर मी पुढे चार वर्षं काम केलं, मॅडमची ताई कधी झाली कळलंही नाही. सेंड ऑफच्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, मॅडम थोडं हसा ना, आणि त्यांचा हात वर निघाला. मी शेजारी उभी होते, मी तो हात पकडला. त्या माझ्याकडे बघून हसल्या, पूर्ण, आणि तेवढ्यात फोटो निघाला. उजवा डोळा मिटलेला, डावा गाल फुगलेला. तो फोटो माझ्या आताच्या ऑफिसात टेबलावर आहे.

मैत्रिणीला मी फोनवर सगळं सांगितलं, ते नाव कसं पडलं तेही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मी पण पाच वर्षं तिथे होते गं, मला कुणीच कसं सांगितलं नाही. आणि आज दुपारी टीममधली नवीन मुलगी फाईल द्यायला आली, फोटोकडे बघून तिने विचारलं, "या कोण? तुमच्यावर चिडल्यात का?"

मी तिला म्हटलं, बस जरा, खुर्ची घे.